राखीव क्षेत्राच्या नियमास अनावृत पत्र

कबड्डीतल्या राखीव क्षेत्राच्या नियमा,



तुझ्यावर राग धरणारे आमच्या यवतमाळ जिल्ह्यात थोडे नाहीत. दिग्रस-पुसदची बाजू असो की वणी-पांढरकवड्याची, गावात कबड्डीचे सामने भरले आणि मध्येच पंचांभोवती घोळका जमला, की भांडणाच्या मुळाशी अनेकदा तूच असतोस. मलाही तुझा राग आहे. पण आधी तुझी बाजू मांडतो, कारण तू सगळाच चुकीचा नाहीस.

पुरुषांचं क्रीडांगण १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद. त्यातली दोन्ही कडांची एकेक मीटरची पट्टी तू राखून ठेवलीस. चढाईपटूचा आणि बचावपटूचा स्पर्श होऊन झटापट सुरू झाली, की ती पट्टी मैदानात धरायची. त्याआधी तिथे पाय पडला तर खेळाडू बाद. हे रास्त आहे. पट्टी पहिल्यापासून मोकळी असती, तर चपळ चढाईपटू कडेकडेने निसटत राहिला असता. आठ मीटरच्या रुंदीत त्याला खेळावं लागतं, म्हणून सात जणांच्या बचावाला काही अर्थ आहे.

माझी तक्रार पुढची आहे. कोणालाही न शिवता चढाईपटू पट्टीत गेला आणि त्याच्यामागे बचावपटूही गेले, तर काय? जुन्या नियमाप्रमाणे जेवढे गेले तेवढे सगळे बाद. प्रो कबड्डीने तो बदलला: बाद फक्त चढाईपटू, चढाई तिथेच संपली. एकाच खेळात तुझी दोन रूपं झाली, आणि ७ ऑक्टोबर २०२३ रोजी हांगझोऊला त्यांची गाठ पडली.

आशियाई स्पर्धेची अंतिम लढत होती, भारत विरुद्ध इराण. गुण २८-२८, हातात मिनिटभराचा खेळ. भारताचा पवन सेहरावत ‘करो या मरो’ चढाईला गेला, स्पर्श न होताच राखीव क्षेत्रात उतरला आणि इराणचे बचावपटू त्याच्यामागे धावले. कोणता नियम लावायचा, यावर पंचांचा निर्णय पुन्हा पुन्हा फिरला. जवळजवळ तासभर सामना अडून राहिला. शेवटी जुनाच नियम धरला गेला आणि भारत ३३-२९ असा जिंकला. २०१८ मध्ये याच इराणने उपांत्य फेरीत आपल्याला हरवलं होतं, त्यामुळे आनंद मोठा होता. संघात आपल्या महाराष्ट्राचा अस्लम इनामदारही होता. सुवर्णपदक आपलं झालं, तरी माझं मन सांगतं की चढाईपटूच्या चुकीची शिक्षा इराणच्या बचावपटूंना व्हायला नको होती.

का, ते आमच्या मातीवरच्या मैदानात ये आणि बघ. फक्कीने आखलेली रेघ पहिल्या दहा मिनिटांत पायांनी पुसट होते. कोपऱ्यातल्या पोराची नजर चढाईपटूच्या घोट्यावर खिळलेली असते. रेघ पाहायला त्याला क्षणाचीही सवड नसते. त्याच्या हातात शेजारच्याचा हात असतो. तो झेपावला की साखळीतला दुसराही ओढला जातो. दोघांनी आपलं कामच केलं, आणि तू दोघांनाही बाहेर बसवतोस. रेषा सर्वांना सारखी, असं तुझे समर्थक म्हणतात. मान्य. पण चढाईपटूचा पाय पट्टीत पडला त्या क्षणी तो बाद झाला, म्हणजे चढाई संपली. संपलेल्या चढाईत पुढे कोण कुठे गेलं, याची शिक्षा कशासाठी?

जाचक नियम इतर खेळांतही आहेत. उत्तर अमेरिकेच्या एनएचएल आइस हॉकीत २००५-०६च्या मोसमापासून एक नियम आहे: बचाव क्षेत्रातून मारलेली चकती थेट काचेवरून बाहेर गेली, अगदी चुकून गेली, तरी दोन मिनिटांची शिक्षा. पुष्कळांना तो अन्यायाचा वाटतो. पण त्या बर्फावर उतरणाऱ्या प्रत्येकाला तो एकाच रूपात ठाऊक असतो. आमच्या पोरांच्या नशिबी तेवढंही नाही. ती टीव्हीवर प्रो कबड्डी पाहून खेळ शिकतात आणि मैदानात पंच जुन्या नियमाने त्यांना बाद ठरवतात.

आपल्या विदर्भाचं या खेळाशी नातं जुनं आहे. १९३६ साली अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी कबड्डीची प्रात्यक्षिकं जगाला दाखवली. तो वारसा सांगणाऱ्या मुलखातून माझी मागणी आहे: तुझं एकच रूप ठेव, बाद फक्त चढाईपटू. गावापासून आशियाई स्पर्धेपर्यंत तेच लागू होऊ दे. आणि तो दिवस येईपर्यंत आमच्या जिल्ह्यातल्या प्रत्येक आयोजकाने, पंचाने पहिली शिट्टी वाजवण्याआधी, दोन्ही कर्णधारांना समोर उभं करून आज तुझा कोणता अर्थ लावणार ते मराठीत स्पष्ट सांगावं. घाम गाळून खेळणाऱ्या पोरांचा तेवढा हक्क आहे.

कळावे,
यवतमाळ जिल्ह्यातील एक कबड्डीप्रेमी