बारा वाजले, पण सावली ऐकेना

अकरा वर्षं मी सहावीला भूगोल शिकवतेय. रेखावृत्तांचा पाठ आला की फळ्यावर मोठा गोल काढायचा, त्यात उभ्या रेषा मारायच्या आणि मुलांकडून पाठ करून घ्यायचं : एकूण रेखावृत्ते ३६०, मूळ रेखावृत्त ग्रीनिचचे, एका अंशाला ४ मिनिटे. मुलं धडाधड उत्तरं द्यायची आणि मीही खूश असायची.

त्याच पाठाबरोबर मी आणखी एक वाक्य सांगायची, “दुपारी १२ वाजता सूर्य डोक्यावर येतो, तेव्हा सावली सर्वात लहान असते.” चाचणीत हा प्रश्नही ठरलेला असायचा.

आमची शाळा रत्नागिरी जिल्ह्यात, समुद्रापासून जवळच. गेल्या डिसेंबरात, नाताळच्या आधी दोन दिवस, मैदानात १ मीटरची काठी उभी केली. बरोबर १२ वाजता सावलीच्या टोकाशी खडूने खूण केली, सावली मोजली आणि मुलांना म्हटलं, “ही आजची सर्वात लहान सावली. लिहून घ्या.” मुलांनी ते लिहून घेतलं आणि खिचडीच्या रांगेकडे पळाली.

एक मुलगी मात्र तिथंच रेंगाळली. थोड्या वेळाने धावत आली, “बाई, सावली अजून लहान होतेय!”

मी म्हटलं, “अगं, काठी कलली असेल. जा, जेवून घे.”

ती गेली, पण जेवायला नाही. दुसऱ्या दिवशी वहीचं पान माझ्यापुढे धरलं. त्यावर लिहिलं होतं : १२ वाजता ८८ सेंमी, साडेबाराला ८५, एक वाजता ८६. आणि खाली, “बाई, काठी सरळच होती. मी ओळंब्याने बघितलं.” तिचे बाबा गवंडीकाम करतात.

खरं सांगते, पहिल्यांदा रागच आला. मग ते आकडे पाहत बसले आणि चटका लागला. पोरीचं बरोबर होतं. अकरा वर्षं जे सूत्र मी घोकून घेत होते, त्याचाच अर्थ माझ्या डोक्यात शिरला नव्हता.

पृथ्वी स्वतःभोवती ३६० अंश फिरायला २४ तास घेते, म्हणजे १४४० मिनिटं. भागाकार केला की एका अंशाला ४ मिनिटं. ती पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, म्हणून पूर्वेच्या गावांत मध्यान्ह आधी होते. आपली सगळ्यांची घड्याळं मात्र एकाच रेषेवर लावलेली आहेत : उत्तर प्रदेशात मिर्झापूरजवळून जाणारं ८२°३०′ पूर्व रेखावृत्त. आमचं गाव साधारण ७३°१८′ पूर्वेला. फरक ९ अंश १२ कला. चाराने गुणलं की जवळजवळ ३७ मिनिटं. घड्याळात १२ वाजले, ते मिर्झापूरच्या सूर्याचे. आमचा सूर्य डोईवर यायला अजून ३७ मिनिटं होती!

मी वर्गात सरळ सांगितलं, “माझं चुकलं. हिचं बरोबर आहे.” वर्ग क्षणभर गप्प झाला. बाई असं म्हणतात, हे त्यांना नवीन होतं.

मग सगळ्यांनाच चेव आला. मध्यान्हीच्या आसपास सावलीची लांबी फारशी बदलत नाही, म्हणून नेमकी वेळ पकडणं कठीण जातं. त्यावर युक्ती अशी : मध्यान्हीपूर्वी एक सावली मोजायची आणि नंतर तेवढीच सावली पुन्हा केव्हा होते ते पाहायचं. आमची ११:४० ची सावली १:३४ ला पुन्हा तेवढीच भरली. दोन्हींच्या मधली वेळ, १२:३७. वर्गात टाळ्या!

प्रशिक्षणात ओळख झालेले एक गुरुजी गडचिरोलीला आहेत. त्यांना फोन केला. त्यांच्या मुलांनीही असंच मोजलं, तर तिथं मध्यान्ह १२:१० ला! गडचिरोली साधारण ८० अंशांवर. एकाच महाराष्ट्रात, एकाच घड्याळावर, सूर्य २७ मिनिटं मागेपुढे. त्या दिवशी रेखावृत्त म्हणजे काय ते मुलांना कळलं. एका रेखावृत्तावरच्या सगळ्या गावांची मध्यान्ह एकाच वेळी होते. म्हणून उत्तरेला लांब असलेलं जोधपूर आणि दक्षिणेला समुद्रातलं मालदीवचं माले ही आमची ‘मध्यान्हीची शेजारी’, पण आपल्याच राज्यातलं गडचिरोली नाही.

फळ्यावरचा गोलही मी पुसला आणि संत्रं सोललं. नावात ‘वृत्त’ असलं तरी रेखावृत्त हे पूर्ण वर्तुळ नसून ध्रुवापासून ध्रुवापर्यंतचं अर्धवर्तुळ असतं, हे फोडी पाहून आपोआप समजतं. फोड मध्ये रुंद, टोकांना निमुळती. तसंच दोन रेखावृत्तांमधलं अंतर विषुववृत्तावर सुमारे १११ किमी, आमच्याकडे सुमारे १०६ आणि ध्रुवावर शून्य.

“बाई, पहिली फोड कुठली?” एकाने विचारलं. फार मोलाचा प्रश्न! विषुववृत्त निसर्गाने ठरवलं, पण शून्य रेखावृत्त माणसांनी. प्राचीन भारतीय ज्योतिषी उज्जैनच्या रेषेपासून मोजत. ग्रीनिचवर १८८४ साली वॉशिंग्टनच्या परिषदेत बहुमताने शिक्कामोर्तब झालं.

शिक्षकांनो, पालकांनो, एक काठी आणि एक घड्याळ एवढंच लागतं. मुलांकडून आपल्या गावची मध्यान्ह काढून घ्या. वर्षभरात ही वेळ काही मिनिटं मागेपुढे सरकते, म्हणून हिशेब तंतोतंत जुळवायचा तर डिसेंबरचा शेवटचा आठवडा किंवा एप्रिलचा मध्य निवडा.

आणि एखादं मूल “अजून लहान होतेय” म्हणत आलं, तर त्याला जेवायला पिटाळण्याआधी एकदा काठीपाशी जाऊन या. चाचणीतला तो प्रश्न मी आता बदललाय : “आपल्या गावात सावली सर्वात लहान केव्हा असते? मोजून लिहा.”