मास्तरांचा तांब्या

मास्तर गेल्याची वार्ता दूरध्वनीवरून आम्हांस कळली, तेव्हा आमच्यापुढे परीक्षेच्या उत्तरपत्रिकांचा ढीग पडलेला होता. हातातील उत्तरपत्रिका आम्ही तपासून पुरी केली, तीवर गुण मांडले आणि मग उठलो. असे का केले, हे आजही आमचे आम्हांस सांगता येत नाही. सांगलीस पोहोचलो तोवर सर्व उरकले होते. दुसरे दिवशी गावातील एका पत्रात तीन ओळी आल्या : शहरातील एक जुने जादूगार वयाच्या सत्त्याऐंशीव्या वर्षी निवर्तले. त्यांचे नाव आम्ही येथे देत नाही. घरच्या मंडळींस ते रुचणार नाही, आणि सांगलीकरांस ते सांगण्याची गरज नाही.

खेळाच्या फलकांवर त्यांच्या नावामागे 'प्रोफेसर' ही पदवी असे. एके काळी सर्कशीचे चालक आणि जादूचे प्रयोग करणारे हे सारे प्रोफेसरच असत. सर्कशीमुळे प्रसिद्धीस आलेले विष्णुपंत छत्रे हेही प्रोफेसर म्हणूनच ओळखले जात. आम्ही पुढे विद्यापीठाची पदवी घेऊन महाविद्यालयात इंग्रजी शिकवू लागलो, तेव्हा मास्तर दारातूनच विचारीत, "काय प्रोफेसरसाहेब, आपल्या दोघांत खरा प्रोफेसर कोण?" या प्रश्नाचे उत्तर देण्याच्या भरीस आम्ही कधी पडलो नाही.

त्यांचा प्रयोग आम्ही प्रथम पाहिला तो १९८१ च्या गणेशोत्सवात. वय अकरा. अंगात जरीचा अंगरखा, डोक्यास तुरा, मागे काळा पडदा. कबुतर निघाले, पत्ते उडाले, रुमालांची रांग खिशातून बाहेर आली. त्यांतील फारसे आता आठवत नाही. आठवतो तो एक पितळी तांब्या. खेळाच्या आरंभी मास्तरांनी तो बादलीत पालथा केला, शेवटचा थेंब निथळू दिला आणि एका तिवईवर ठेवून ते दुसऱ्या खेळास लागले. थोड्या वेळाने, जणू सहज स्मरण झाले म्हणून, त्यांनी तो पुन्हा उचलून ओतला. पुन्हा पाणी! असे त्या रात्री सात-आठ वेळा झाले. हा खेळ आपल्या देशात जुनाच. तथापि बंगालचे जादूगार पी. सी. सरकार यांनी आपल्या 'इंद्रजाल' या प्रयोगातून तो 'वॉटर ऑफ इंडिया' या नावाने साऱ्या जगापुढे नेला. ही माहिती आम्हांस पुष्कळ पुढे मिळाली. त्या रात्री मात्र अंथरुणात पडल्या पडल्या त्या तांब्यात किती पाणी मावत असेल, याचाच हिशेब आम्ही करीत होतो.

सकाळी आम्ही गावभागातील त्यांच्या घरी जाऊन थडकलो. जरीचा अंगरखा दोरीवर वाळत होता, आणि मास्तर धोतर-सदऱ्यात दुकानास निघण्याच्या तयारीत होते. दिवसा ते एका कापडदुकानात नोकरीस असत. आमचा प्रश्न ऐकून ते म्हणाले, "तांब्याचे नंतर पाहू. आधी हा रुपया घे, आणि तो हातात आहे हे हाताला विसरायला शिकव." त्या एका रुपयापायी सहा महिने गेले. आरशासमोर उभे राहावे, रुपया तळव्यात धरावा, आणि त्याच हाताने पाटी पुसावी, वेणी घालणाऱ्या बहिणीला फणी द्यावी, आईने दिलेली वाटी घ्यावी. "लोक तुझ्या हाताकडे पाहत नाहीत, तुझ्या डोळ्यांकडे पाहतात," असे ते सांगत. "तू जिकडे पाहशील तिकडे ते पाहतील. म्हणून जेथे लबाडी आहे तेथे चुकूनही पाहायचे नाही." वर्गात विद्यार्थ्यांस झोप येऊ लागली म्हणजे हा पाठ आजही आमच्या उपयोगी पडतो; अर्थात मास्तरांस तो उपयोग अभिप्रेत नव्हता.

त्यांचे शिक्षण मराठी चौथीपर्यंत. परंतु रद्दीच्या दुकानातून आणलेली इंग्रजी पुस्तके त्यांच्या पेटीत होती. ती आम्ही मोठ्याने वाचावी, शब्दकोशाच्या आधाराने मराठीत सांगावी आणि त्यांनी डोळे मिटून ऐकावी, असा परिपाठ पडला. आम्हांस जे काही इंग्रजी येते त्याचा पाया शाळेत नव्हे, त्या ओट्यावर घातला गेला. फ्रान्समधील रोबेर हुदँ हा मूळचा घड्याळजी. १८५६ साली त्याच्या सरकारने त्याला अल्जीरियात धाडले ते तेथील चमत्कार करणाऱ्या साधुपुरुषांचा प्रभाव मोडण्यासाठी. हा भाग मास्तरांनी आमच्याकडून निदान दहा वेळा वाचून घेतला असेल. दुसरी आवडती कथा सरकारांची. १९५६ साली बी.बी.सी.च्या दूरचित्रवाणीवर त्यांनी एका मुलीस विजेच्या करवतीने कापले, आणि ती शुद्धीवर येण्यापूर्वीच वेळ संपल्याचे सांगून कार्यक्रम थांबविण्यात आला. मुलगी खरोखरीच मेली अशा समजुतीने घाबरलेल्या प्रेक्षकांनी दूरध्वनींचा वर्षाव केला. "वेळ संपली नाही रे, संपविली!" असे म्हणून मास्तर मांडीवर थाप मारीत. आणि कोणी हवेत उभ्या राहणाऱ्या दोरीचा खेळ करून दाखवा म्हणाला, तर ते आमच्याकडे बोट दाखवून म्हणत, "याला विचारा." मग आम्ही पोपटाप्रमाणे सांगावे की, १८९० साली शिकागोच्या 'ट्रिब्यून' पत्राने ती गोष्ट छापली आणि काही महिन्यांनी ती रचलेली असल्याची कबुलीही दिली, लंडनच्या मॅजिक सर्कलने १९३४ साली हा खेळ करून दाखविणाऱ्यास पाचशे गिनी देऊ केल्या, त्या कोणालाही मिळविता आल्या नाहीत.

तांब्याचे गुपित त्यांनी आम्हांस चौथ्या वर्षी सांगितले. शपथ वगैरे घातली नाही. केवळ म्हणाले, "आता हे तिघांना ठाऊक. मी, तू आणि ज्याने हा घडविला तो कासार. कासार वारला."

पुढील प्रसंग लिहावयाचा नाही असे आम्ही अनेकदा ठरविले होते. १९८९ साली आम्ही महाविद्यालयात होतो. एके रात्री मित्रमंडळींत बुद्धीचे प्रदर्शन चालले होते. कोणी बुद्धिबळावर बोलला, कोणी मार्क्सवर. आमच्यापाशी बोलण्यासारखे एवढेच होते. आम्ही कागदावर आकृती काढून तांब्याचे गुपित फोडले, आणि सर्वांनी वाहवा केली. महिन्याभराने गणेशोत्सवात मास्तरांचा प्रयोग सुरू असता पहिल्या रांगेतून त्या चौघांनी ते गुपित ओरडून सांगितले. आम्ही पाचव्या रांगेत होतो.

मास्तर थांबले. ओरडणाऱ्यांपैकी एकास त्यांनी हात धरून वर घेतले, तांब्या त्याच्या हाती दिला, आणि अत्यंत गोड स्वरात म्हणाले, "तुला येते ना? मग तूच ओत." त्या बिचाऱ्यास काय करावयाचे ते ठाऊक होते, पण कसे करावयाचे ते हातास ठाऊक नव्हते. तांब्या कलताच होते नव्हते ते सारे पाणी त्याच्या विजारीवर आले. सभागृह हसून लोटपोट झाले. मास्तरांनी आपल्या खेळातील रेशमी रुमालाने त्याचे हात पुसले, त्याला टाळ्या देवविल्या, आणि खेळ पुढे चालू केला. मात्र त्यापूर्वी त्यांनी एकवार पाचव्या रांगेकडे पाहिले. जेथे लबाडी आहे तेथे पाहायचे नाही, हा स्वतःचा नियम मोडताना आम्ही त्यांस त्या एकाच वेळी पाहिले.

सामान बांधावयास आम्ही नेहमीप्रमाणे गेलो. "दोरी घट्ट आवळ," एवढेच ते बोलले. त्या विषयाचा उच्चार त्यांनी पुढे कधीही केला नाही. येणेजाणे राहिले, चहा राहिला, वाचन राहिले; पण नवा खेळ एकही शिकविला नाही. शिक्षा म्हणून नव्हे. मला वाटते त्यांना... परंतु 'आम्ही' म्हणून लिहावयास बसलो असता 'मला' येथे शिरला, तो तसाच राहू द्यावा.

अशी सहा वर्षे गेली. २१ सप्टेंबर १९९५, गुरुवार. गणपती दूध पितो, ही वार्ता सकाळी देशभर पसरली. आम्ही नुकतेच अध्यापक झालेलो. मास्तर देवळात उभे राहून या प्रकाराची फटफजिती करतील, अशा अपेक्षेने धावत गेलो. पाहतो तो मास्तर रांगेत, आणि शेजारच्या एका थकलेल्या म्हातारीचा थरथरणारा हात सावरून चमचा मूर्तीच्या सोंडेला लावून देत आहेत! दूध ओसरले. म्हातारीच्या डोळ्यांस पाणी आले. लोकांनी विचारले, "काय मास्तर, पटले ना?" मास्तर नुसते हसले.

आम्ही वाटेत त्यांच्याशी कडाक्याने भांडलो. ते ऐकून घेत घरापर्यंत आले, अंगणातील पोरे गोळा केली, तोच पितळी तांब्या पाटावर मांडला आणि दुधात कुंकू कालवून चमचा त्याच्या काठास टेकविला. दूध चढले, आणि तांब्याच्या पोटावरून तांबडी रेघ खाली उतरत गेली. "बघा, तांब्यालाही भूक लागली," ते म्हणाले. शास्त्रज्ञांनीही रंगीत दूध वापरूनच पृष्ठताणाचा हा परिणाम लोकांस दाखविला. पोरे गेल्यावर आम्ही विचारले, मग म्हातारीस का नाही सांगितले? "तिने तिकीट काढले नव्हते," मास्तर म्हणाले. "तिकीट काढून येतो त्याला फसवावे, आणि घरी जाताना तसे सांगावे. तिच्याशी माझा तसा करार कुठे होता?" हे उत्तर आम्हांस तेव्हा पटले नाही, आणि आजही पुरते पटत नाही. अशा म्हाताऱ्यांच्या भाबडेपणावर कित्येक भोंदूंची घरे चालतात; सांगावयास हवे होते. तथापि पुढल्या रविवारी त्यांनी आम्हांस बोलावून अंडे आणि पिशवी यांचा खेळ शिकविण्यास प्रारंभ केला, हेही नमूद केले पाहिजे.

१९२६ साली हुदिनीच्या अंत्यविधीत त्याच्या व्यवसायबंधूंनी जादूची कांडी मोडली, आणि तिकडे ती प्रथाच पडली. मास्तरांची कांडी आम्हांस पेटीत सापडली. आम्ही ती मोडली नाही.

तेराव्या दिवशी काकूंनी तांब्या आणून आमच्यापुढे ठेवला. तो चिंचेने घासून लख्ख केलेला होता. "हा तुम्हांला द्यायचा, असे सांगून गेलेत," त्या म्हणाल्या. आम्हांस काय बोलावे ते सुचेना, काहीतरी बोलावे म्हणून विचारले, "काकू, यातले गुपित त्यांनी तुम्हांला कधी सांगितले होते का हो?"

"त्यांनी कशाला सांगायचे?" काकू म्हणाल्या. "पन्नास वर्षे घासते आहे. पहिल्याच दिवशी कळले होते. पण मला कळले आहे, हे त्यांना मी कधी कळू दिले नाही. रोज रात्री खेळावरून आले की विचारायचे, आज पाणी कुठून आले, ओळख पाहू. मी म्हणायची, बाई, कोण जाणे!"