फुली

आई गेल्यावर तिचें बँकेंतलें खातें बंद करण्यासाठीं जो अर्ज मला भरावा लागला, तो कागदाचा नव्हता. संगणकावर उघडणारी पीडीएफ फाईल होती. टांकाचें, शाईचें कांहीं काम नाहीं. चौकटीवर बाण न्यावा, कळ दाबावी, कीं खूण उमटते. 'खातेदार मयत' या शब्दांपुढची चौकट आली तेव्हां माझा हात थांबला. मग कळ दाबली. चौकटींत बरोबरची खूण उमटली.

आमच्या घरीं खुणांचे अर्थ ठरलेले होते. दूधवाला आला नाहीं कीं आई भिंतीवरच्या दिनदर्शिकेंत त्या तारखेवर फुली मारी, आणि महिनाअखेर फुल्या मोजून पैसे चुकते करी. जें आलें नाहीं त्याची खूण फुली. मग आई नाहीं, या गोष्टीपुढें 'बरोबर' कसें म्हणावें?

मीं या चौकटींची थोडी चौकशी केली. १९९३ सालीं अॅडोबी कंपनीनें पुढें आणलेल्या या पीडीएफमधील चौकटीला दोनच अवस्था ठाऊक: चालू आणि बंद. खूण बरोबरची दिसावी कीं फुलीची, हें अर्ज रचणारा ठरवितो. यंत्राच्या लेखीं दोन्ही म्हणजे 'होय'. या खुणा बहुधा हेर्मान झाप्फ या जर्मन अक्षरकाराच्या नांवाच्या चिन्हसंचांतून येतात. तेथें इंग्रजी ४ च्या जागीं बरोबरची खूण आहे, ८ च्या जागीं फुली. खुणेला स्वतःचा अर्थ असा नाहींच.

चार दिवसांनीं अर्ज परत आला. शेरा होता: 'चौकट रिकामी.' चौकटीची अवस्था आणि तिचें चित्र फाईलींत निरनिराळीं सांठविलेलीं असतात. माझ्या पडद्यावर दिसलेली खूण त्यांच्या पडद्यावर उमटलीच नव्हती. क्षणभर एक वेडी आशा मनांत चमकून गेली: तेथें तरी आई अजून मयत नव्हती.

शेवटीं अर्ज कागदावर छापून घेतला, त्या चौकटींत शाईनें फुली मारली आणि स्वतः नेऊन दिला. कारकुनांनीं एकवार पाहिलें व म्हणाले, "फुलीही चालते."

घरीं आलों. भिंतीवर तीच दिनदर्शिका होती. आई गेली त्या दिवसापासून तिच्यांत एकही फुली नव्हती. दूध रोज आलें होतें असें नव्हे. खूण करणारें कोणी उरलें नव्हतें.