सहा वाव पाणी

प्रिय सुनंदा,

तुझं पत्र परवा मिळालं. बाल्टिमोरला थंडी सुरू झाली, नातू रांगायला लागला, सगळं वाचून बरं वाटलं. पण खरी गंमत शेवटच्या ओळीत होती. तुझे साहेब मीटिंगमध्ये एका प्रस्तावाबद्दल ‘डीप-सिक्स इट’ म्हणाले, सगळ्यांनी माना डोलावल्या, आणि तू मला विचारतेस की हे सहा कुठून आले. अगं, इतका सुंदर प्रश्न मला बऱ्याच दिवसांत कोणी विचारला नव्हता!

अर्थ सरळ आहे: टाकून द्या, पुन्हा दिसायला नको. मूळ खलाशांचं. जहाजावरची निकामी वस्तू कठड्यावरून समुद्रात फेकली की ती ‘डीप सिक्स’ला गेली. सहा म्हणजे सहा वाव. तुझे बाबा विहिरीचं पाणी वावात सांगायचे, आठवतं? दोन्ही हात पसरले की होतं ते अंतर. इंग्रजांचा फॅदम तोच, सहा फुटांचा.

पूर्वी खोली मोजायला दोरीला शिशाचं वजन बांधून ती पाण्यात सोडत. दोरीवर दोन वावांना चामड्याच्या दोन पट्ट्या, तीनला तीन, पाचला पांढरं कापड, सातला लाल, दहाला भोक पाडलेलं चामडं. कापडांचा पोतही वेगवेगळा, कारण काळोख्या रात्री रंग दिसत नाही. खलाशी बोटांनी, कधी ओठांनी चाचपून खूण ओळखायचा. वजनाच्या बुडाला खळगा असे आणि त्यात चरबी भरलेली, म्हणजे तळाची वाळू किंवा चिखल तिला चिकटून वर येई. खाली काय आहे ते न बघता कळायचं. किती डोकं लावलंय बघ!

पाणी खुणेवर आलं की खलाशी ओरडायचा ‘बाय द मार्क सेव्हन’. पण चार, सहा, आठ, नऊ यांना खूणच नसे. ते अंदाजाने सांगायचे, आणि त्यांना म्हणत ‘डीप’. म्हणून ‘बाय द डीप सिक्स’. (मिसिसिपीच्या बोटींवर दोन वावांची हाक ‘मार्क ट्वेन’; लेखक सॅम्युअल क्लेमेन्स त्या नदीवर पायलट होता, टोपणनाव तिथलंच.)

मग टाकण्याशी सहाच का जोडला गेला, चार किंवा आठ का नाही? काही जण म्हणतात, समुद्रात प्रेत सोडायला निदान सहा वाव पाणी हवं असा रिवाज होता. मला वाटतं, जमिनीवरच्या सहा फुटी कबरीचा आकडा खलाशांच्या तोंडी आधीच बसलेला होता, आणि दोरीवरची हाक त्याला आयती मिळाली.

हा शब्द बंदराबाहेर गाजला तो अमेरिकेतल्या वॉटरगेट घोटाळ्यामुळे. त्या कटातल्या हॉवर्ड हंटच्या तिजोरीतली ब्रीफकेस ‘डीप सिक्स’ कर, असं राष्ट्राध्यक्षांचे सल्लागार एर्लिचमन यांनी सांगितल्याची साक्ष व्हाइट हाउसचे वकील जॉन डीन यांनी 1973 साली सिनेटच्या समितीपुढे दिली. म्हणजे काय, असं डीननी विचारलं, तर उत्तर आलं की घरी जाताना तू नदी ओलांडतोसच, तेव्हा दे फेकून. नदी पोटोमॅक. एर्लिचमन यांनी हे नाकारलं. ब्रीफकेस नदीत गेलीच नाही. त्या तिजोरीतली काही कागदपत्रं मात्र एफबीआयचे हंगामी प्रमुख ग्रे यांच्याकडे गेली आणि त्यांनी ती जाळली. एप्रिल 1973 मध्ये त्यांना पद सोडावं लागलं.

मला सगळ्यात अस्वस्थ करते ती मात्र पॅसिफिकमधली गोष्ट. आजच्या वानुआतूत एस्पिरितू सांतो बेटावर दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेचा प्रचंड लष्करी तळ होता. युद्ध संपलं. ट्रक, जीप, बुलडोझर परत नेणं महाग. तिथल्या ब्रिटिश-फ्रेंच कारभाऱ्यांनी ते स्वस्तातही घेतले नाहीत. हे लोक टाकून जातीलच, मग पैसे कशाला द्या! मग किनाऱ्यावरून चालू गाड्या थेट समुद्रात ढकलल्या. त्या जागेचं नाव ‘मिलियन डॉलर पॉइंट’. आज तिथे पाणबुडे जातात, आणि काही सामान इतकं उथळ आहे की वरून पोहतानाही दिसतं. सहा वाव म्हणजे जेमतेम 11 मीटर, सुनंदा. तेवढ्या पाण्यात काहीही नाहीसं होत नाही. जहाजांवरून समुद्रात प्लॅस्टिक टाकायला आंतरराष्ट्रीय कराराने बंदी आली तीसुद्धा 1988च्या शेवटच्या दिवशी. फार उशीर झाला, असं मला मनापासून वाटतं.

तुमच्या बाल्टिमोरच्या बंदरात ‘कॉन्स्टेलेशन’ हे 1854चं शिडाचं लढाऊ जहाज उभं आहे. सुट्टीत नातवाला घेऊन जा, आणि खोली मोजायची दोरी तिथे ठेवली आहे का विचार. असली तर डोळे मिटून पाच आणि सातच्या खुणा हाताने ओळखता येतात का बघ, आणि मला सविस्तर लिही. आणि हो, तो प्रस्ताव कशाबद्दल होता ते तू सांगितलंच नाहीस!

तुझी,
माधुरी