लष्करी लिलावातील जनरेटर आणि ट्रक



अमेरिकी सैन्याने मोडीत काढलेला १० किलोवॉटचा ‘एमईपी-८०३ए’ जनरेटर आणि ‘एम३५ए२’ ट्रक, असे दोन्ही लिलावात घेऊन टेक्सासच्या घरी आणण्याचा भाच्याचा जो बेत कळला, त्यातील जनरेटरला घरच्या वडीलधाऱ्यांची संमती आहे, ट्रकला नाही.

हा जनरेटर चार सिलिंडरच्या लिस्टर-पेटर डिझेल इंजिनावर मिनिटाला १,८०० फेऱ्यांनी चालतो. दुकानातले हलके पेट्रोल जनरेटर त्याच ६० हर्ट्झसाठी, म्हणजे सेकंदाला ६० आवर्तनांच्या विजेसाठी, बहुधा ३,६०० फेरे घेतात आणि त्यामुळे लवकर झिजतात. या लष्करी जनरेटरचे वजन अर्ध्या टनाहून अधिक असल्याने उतरवण्याची सोय आधी पाहावी, आणि स्टार्टरला २४ व्होल्ट लागत असल्याने १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकसर जोडणीत ठेवाव्यात. खरी अडचण कमी भाराची आहे: रात्रभर नुसता फ्रिज आणि चार दिवे चालले, तर इंजिन पुरेसे तापत नाही, डिझेल अर्धवट जळते आणि सायलेन्सरच्या तोंडाशी काळे, तेलकट थेंब जमू लागतात, ते दिसताच गीझर किंवा एसी जोडून भार चढवावा, म्हणजे साचलेली काजळी जळून जाते. चेंजओव्हर स्विच, म्हणजे बाहेरची वीज पूर्ण तोडून घर जनरेटरवर घेणारा खटका, बसवल्याशिवाय जनरेटर घराच्या वायरिंगला जोडणे हा गुन्हाच मानावा, कारण उलट गेलेली वीज ट्रान्सफॉर्मरमध्ये हजारो व्होल्टची होऊन खांबावरच्या वायरमनचा जीव घेऊ शकते.

ट्रकचा मोह समजण्यासारखा आहे, कारण त्याचे बहुइंधन इंजिन डिझेलप्रमाणे रॉकेल आणि जेट विमानाचे इंधनही पचवते. परंतु त्याच्या तिन्ही आसांचे ब्रेक एकाच मास्टर सिलिंडरवर, म्हणजे पेडलचा दाब तेलात उतरवणाऱ्या एकाच नळकांड्यावर, अवलंबून असल्याने कोठेही एक नळी फुटली की पेडल तळाला टेकते आणि सुमारे सहा टनांची गाडी केवळ हँडब्रेकच्या भरवशावर राहते. सैन्यात अशा गाडीमागे मेकॅनिकांची तुकडी असते, घरी फक्त रविवार असतो. सबब जनरेटर खुशाल घ्यावा, आणि ब्रेकची दुहेरी व्यवस्था करण्याचा खर्च हाती येईपर्यंत ट्रकवर बोली लावू नये.