सोन्याच्या टोकाची वायर

महाग वस्तू घरात आली, की ती चांगलीच आहे हे स्वतःला पटवून देण्याची माणसाला फार घाई होते. आमच्या भाच्याने पहिल्या पगारातून एचडीएमआयची दीड मीटर केबल आणली. किंमत चार हजार! टोकांना सोन्याचा मुलामा, आणि खोके असे की आत शालूच असावा. परदेशी असलेल्या त्याच्या बहिणीचा चेहरा लॅपटॉपवरून टीव्हीच्या पडद्यावर आजीला नीट दिसावा, एवढाच त्याचा हेतू. "मामा, रंग कसे उठून दिसतात बघा!" तो म्हणाला. आईनेही चष्मा पुसून मान डोलावली. आता अशा वेळी खरे बोलावे कसे?

जुन्या रेडिओच्या तारेत खरखर शिरली, की ती थेट कानांवर येई. या केबलमधून मात्र शून्य आणि एक एवढेच आकडे धावतात. पलीकडे ते ओळखू आले, की काम झाले. वायर कमी पडलीच, तर पडद्यावर ठिपके चमकतात, चित्र तुटते, नाहीसेही होते. पण नातीचे गाल काही फिके पडत नाहीत. दोनशे रुपयांच्या वायरीतूनही ते तितकेच गुलाबी! सोने गंजत नाही हे खरे, आणि कोकणच्या खाऱ्या हवेत त्याला अर्थही आहे. पण पातळसा मुलामा स्वस्त वायरींनाही असतो.

दुसऱ्या दिवशी मी त्याला हे सांगितले. पगार त्याचा, घाम त्याचा. पुढच्या प्रत्येक वायरीला त्याने हाच भाव का द्यावा? त्याचा चेहरा उतरला. मग जरा वेळाने म्हणाला, "म्हणजे मामा, महाग वायर कधी घ्यायचीच नाही?"

तसेही नाही बुवा. यूएसबी-सीच्या वायरी दिसायला जुळ्या बहिणी. पण एक सेकंदाला 48 कोटी बिट नेते, तर दुसरी 4,000 कोटी. तीन अँपिअरहून अधिक वीज न्यायची, तर टोकात ओळख सांगणारी चिप लागते. त्याचे पैसे खुशाल द्यावेत. अंतराचेही तसेच. टीव्ही शेजारी असला तर साधी वायर पुरते; दिवाणखान्याच्या छतातून पंधरा मीटर फिरवून 4के चित्र न्यायचे, तर तांबे थकते आणि प्रकाशतंतूची केबल घ्यावी लागते. तीही सोन्याच्या टोकाची असेल, तर असू द्यावी.