जुन्नरमध्ये आपले काय आहे?

उन्हाळा आला की महाराष्ट्रात व्याख्यानमाला सुरू होतात. न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली आणि पुढे हे लोण तालुक्याच्या गावांपर्यंत गेले. आमच्या मोहल्ल्यात मात्र ते फारसे आले नाही. आमच्याकडे मुशायरा होतो, जलसा होतो, वाज होते. लोक रात्री उशिरापर्यंत बसतात, मन लावून ऐकतात. पण आपल्या गावाच्या इतिहासावर मराठीत तासभर बोलायचे आणि ऐकायचे, ही सवय नाही. व्याख्यान त्यांचे आणि जलसा आपला, अशी वाटणी कोणी न करताच होऊन गेली आहे.

आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवणारे शिक्षक. २०२३ च्या मे महिन्यात जुन्नरजवळच्या हापूसबागेत एका शेतकऱ्याने आपल्या जुन्या मळ्यात, आंब्याखाली, संध्याकाळची व्याख्याने ठेवली. मराठी शाळेतल्या शिक्षकमित्रांनी आम्हालाही एक दिवस दिला. विषयही त्यांनीच सुचवला : 'हापूसबाग' हे नाव कुठून आले?

पुष्कळांना वाटते की हे नाव हापूस आंब्यावरून पडले. अभ्यासक ते 'हबशी बाग' या नावाचे बदललेले रूप मानतात. म्हणजे मलिक अंबरबद्दल बोलणे आले. घरातल्या एका बुजुर्गांना हे पटले नाही. "बेटा, गुलामाची गोष्ट कशाला काढता? आणि दिवसही बरे नाहीत. गप्प राहण्यात खैर आहे."

त्यांची काळजी खोटी नव्हती. पण आमच्या मनात दुसरीच गोष्ट होती. सुट्टी लागण्याआधी आठवीतल्या एका मुलाने वर्गात विचारले होते, "सर, जुन्नर में अपना क्या है?" एसटी स्टँडवर कोणीतरी त्याला काही बोलले होते. काय बोलले ते त्याने सांगितले नाही, आम्हीही खोदून विचारले नाही. बी.एड.ला पाठ कसा घ्यावा हे शिकवतात. या प्रश्नाचे उत्तर कोणत्याच पाठात नव्हते. म्हणून आम्ही होकार कळवला आणि त्या मुलालाही सोबत नेले.

आम्ही साध्या मराठीत बोललो. इथिओपियात जन्मलेला, बाजारात विकला गेलेला एक मुलगा दख्खनेत आला आणि निजामशाहीचा पेशवा झाला. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला काही काळ त्या राज्याची राजधानी जुन्नरला होती. जमिनीचा कस पाहून सारा ठरवण्याची त्याची पद्धत लोक 'मलिकंबरी' नावाने ओळखत. १६२४ च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्याच बाजूने लढले आणि त्यांचे भाऊ शरीफजी तिथे कामी आले. या दोघा भावांची नावे नगरच्या शाह शरीफ या अवलियावरून ठेवली होती, असे सांगतात.

मग अफनासी निकितीनची गोष्ट सांगितली. हा रशियन व्यापारी १४७० च्या सुमारास पावसाळ्यात जुन्नरला राहिला होता. इथल्या खानाने त्याचा घोडा हिसकावला आणि धर्म बदलशील तरच परत देईन म्हणाला. त्याच वेळी खुरासानचा एक ख्वाजा मुहंमद तिथे आला. त्याने खानाकडे रदबदली केली, घोडा परत मिळवून दिला आणि निकितीनचा धर्मही वाचला. हे सारे निकितीननेच लिहून ठेवले आहे. ख्वाजा तेवढा आमचा आणि खान कोणाचाच नाही, असे आम्हाला म्हणता येत नाही. दोघेही याच जुन्नरचे पाहुणे होते.

व्याख्यान संपल्यावर मागून एक तरुण उठला. "मंदिरे पाडली गेली, तेही सांगाल का?" सगळे गप्प झाले. आम्ही म्हणालो, "सांगू. जे घडले ते सगळे सांगायला हवे. पण त्याचा हिशेब एसटी स्टँडवर आठवीतल्या पोराकडे मागू नये." तरुण खाली बसला. त्याला पटले की नाही, आम्हाला कळले नाही. मात्र तो उठून गेला नाही.

तेवढ्यात आंबेगाव तालुक्यातून आलेले एक वयस्कर शेतकरी पुढे आले. आंबेगाव म्हणजे डिंभे धरणाच्या पाण्यात गेलेले गाव. तालुक्याला त्याचे नाव मात्र राहिले. त्यांनी पिशवीतून घडी पडलेला जुना कागद काढला. वर फारसी मजकूर, खाली मोडी. त्यांच्या घरात तो कोणालाच वाचता येत नव्हता. आम्ही वरच्या वळणदार अक्षरांतून काही शब्द लावले, मोडी जाणणाऱ्या एका गुरुजींनी खालच्या ओळी लावल्या. तो जमिनीचा कागद होता. कंदिलाभोवती आठ-दहा डोकी एकत्र झाली. त्यांत तो तरुण होता आणि आमचा आठवीतला मुलगाही होता. एक फारसी शब्द त्या मुलाने आमच्या आधी वाचला : 'बाग'.

दुसऱ्या दिवशी त्याने आम्हाला आणखी शब्द विचारले. कागद, दप्तर, शाई, दौत, तालुका, जिल्हा. हे सगळे शब्द त्या वाटेने मराठीत आले आणि आता कोणाला परके वाटत नाहीत. जुन्नरी कागद पेशव्यांच्या दप्तरातही गेला आणि तो करणारे कागदी आपल्याच मोहल्ल्यांतले होते. त्यांच्या हौदांबद्दल, लगद्याबद्दल जे आठवते ते वडीलधाऱ्यांकडून लिहून घ्यायचे काम आम्ही मुलांना दिले आहे. पुढच्या उन्हाळ्यात त्यावर तीच मुले बोलतील, मराठीत.

वाचकांना एवढीच विनंती आहे. आपल्या गावात व्याख्यानमाला होत असेल तर एक संध्याकाळ मागून घ्या. होत नसेल तर एखाद्या मळ्यात सतरंजी अंथरा. मुलांना उत्तर आपण दिले नाही, तर स्टँडवरचा कोणीतरी देईल.